नात्याबाहेरचा माणूस पाहिजे

जालन्यात राधाकिसनरावांचा पाहुणा नाही असा माणूस सापडायचा, पण त्याची न् राधाकिसनरावांची गाठ पडेपर्यंतच. गाठ पडली की संपलं. पहिला प्रश्न, गाव कोणतं. दुसरा, आईचं माहेर कुठलं. तिसऱ्या प्रश्नाची सहसा गरज पडत नसे. तोवर समोरचा माणूस त्यांच्या मावससासूच्या दिराचा मेव्हणा तरी निघालेला असे, नाहीतर टेंभुर्णीला त्यांच्या भावकीत दिलेल्या पोरीचा चुलतसासरा. मग राधाकिसनराव मांडीवर थाप मारून म्हणायचे, "मंग आपण पाहुणेच की हो." आणि चहा मागवायचे.

एकदा चौकात त्यांना ट्रॅफिक हवालदारानं धरलं. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. मागच्या सीटवर त्यांची पोरगी प्रांजली बसलेली. हवालदार पावती करायला लागला आणि यांनी गाव विचारलं. गावावरून आजोळ निघालं आणि आजोळावरून हवालदार यांचा चुलतसाडू निघाला. पावती त्यानं केलीच, पण दुपारी बळंच जेवायला घरी घेऊन गेला. प्रांजली त्या ताटावर मान खाली घालून बसली होती. आपल्याला दंड करणाऱ्या माणसाकडं आपण श्रीखंड कसं काय खातोय, हे तिला काही केल्या समजत नव्हतं.

आणि कुठूनच नातं निघालं नाही तर राधाकिसनरावांकडं मेंढरं होती. म्हणजे त्यांची नव्हे, त्यांच्या आजोबांची, आणि तीही कधीच गेलेली. पण त्या काळी खतासाठी शेतकरी धनगराला बोलावून मेंढरं रानात बसवायचे. आज या वावरात मुक्काम, परवा त्या. ज्याच्या वावरात कळप बसला तो म्हाताऱ्याला भाकरी-कोरड्यास द्यायचा. म्हाताऱ्यानं असा अख्खा जिल्हा पालथा घातला होता. जाताना नातवाला सांगून गेला, ज्याच्या वावरात मेंढरू बसलं तो आपला पाहुणा, जात बघायची न्हाई. आता सांगा, एवढ्यावर कोण वाचणार?

असं सगळं करून हा माणूस रिकामटेकडा होता म्हणावं, तर तेही नाही. राधाकिसनराव शिकलेले इंजिनियर. घर, प्लॉट, वावर, गोदाम जाऊन बघायचं, मोजायचं आणि त्याची किंमत किती होते याचा अहवाल बँकेला द्यायचा, हा त्यांचा धंदा. कागदावर याला मूल्यांकनकार म्हणतात. तेवढा लांब शब्द बोलायला जालन्यात कुणाला सवड आहे? लोक म्हणतात व्हॅल्युएशनवाले. आणि जिल्ह्यातल्या सगळ्या व्हॅल्युएशनवाल्यांची जी संघटना, तिचे राधाकिसनराव पहिल्या दिवसापासूनचे अध्यक्ष.

संघटना त्यांनी का काढली, तर रडायला एक जागा पाहिजे म्हणून. या धंद्यात कुणीच खूश होत नाही. किंमत कमी लिहिली की घरमालक फुगतो, जास्त लिहिली की बँक डोळे वटारते, आणि वाटणीचं प्रकरण असलं तर दोन्ही भाऊ मिळून व्हॅल्युएशनवाल्याला शिव्या देतात. तेवढ्यापुरती का होईना, एकी होते बिचाऱ्यांची. त्यातही एक वाक्य राधाकिसनरावांच्या डोक्यात जायचं. फीत काढून भिंतीला लावली न लावली, की मालक खांद्यावर हात टाकणार आणि हळूच म्हणणार, "पाहुणे, जरा वाढवून द्या की." ज्यानं स्वतः सगळ्या जगाला पाहुणं करून ठेवलंय त्यानं याची तक्रार करावी, हे नवल आहे खरं, पण करायचे.

महिन्याची बैठक राधेश्यामच्या दुकानावरच्या माडीत व्हायची. राधेश्याम संघटनेचा सचिव. त्याची पिढीजात मोंढ्यात पेढी, खाली भाऊ सळई विकायचा आणि वर हा व्हॅल्युएशनचं बघायचा. मंठ्याचा कल्याण हा त्यातला तरणा सभासद. जयवंताबाईंच्या, म्हणजे राधाकिसनरावांच्या बायकोच्या, माहेरच्या भावकीतला. ती त्याची अक्का आणि राधाकिसनराव दाजी. जालन्यात नवा आला तेव्हा खोली मिळेपर्यंत यांच्याच घरी राह्यला, फीत धरायलाही दाजींकडंच शिकला, आणि अक्काच्या हातचे धपाटे इतके खाल्ले की शेवटी तिनं ज्वारीचं पीठ जास्तीचं दळून आणायला सुरुवात केली.

सगळं कसं बराबर चाललं होतं. मग राधाकिसनराव संभाजीनगरला अधिवेशनाला गेले.

तिथं राज्यभरातले व्हॅल्युएशनवाले आले होते. कोट घातलेल्या एका गृहस्थानं हितसंबंध या विषयावर व्याख्यान दिलं. नातेवाइकाच्या मालमत्तेचं मूल्यांकन करणं म्हणजे पेशाला काळिमा, असं ते बोलले. राधाकिसनरावांना वाटलं, हा माणूस आपल्याच पोटातलं बोलून राह्यला. "पाहुणे, जरा वाढवून द्या" या वाक्याची मुंडी मुरगाळायची तर हाच रस्ता. परतीच्या बसमध्ये ते इतके हरखले होते की शेजारच्या माणसाला गाव विचारायचं विसरले.

पुढच्याच बैठकीत त्यांनी ठराव मांडला. नात्यातल्या माणसाच्या मालमत्तेचं मूल्यांकन सभासदानं करायचं नाही. करायच्या आधी नातं नाही अशी खातरी करून घ्यायची.

"नातं म्हंजे कुठवर धरायचं, दाजी?" कल्याणनं विचारलं.

"निघतंय तिथवर."

"पण ते काढणार कोण?"

सगळ्यांच्या माना राधाकिसनरावांकडं वळल्या. जिल्ह्यात नात्यांचं एवढं ज्ञान दुसऱ्या कुणाला होतं? नातं तपासायचं काम एकमतानं अध्यक्षांकडं दिलं. टाळ्या वाजल्या, भजी आली. आपण काय करून बसलो हे त्या माडीवर एकाच्याही ध्यानात आलं नाही. लांडग्याला मेंढरं मोजायला बसवतात का कुठं? पण बसवलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. परतूरहून एक सभासद विचारतो, अमुक आडनाव, अमुक गाव, घर बघायचंय, बघू का? राधाकिसनराव डोळे मिटायचे. "थांब. त्यांची थोरली सून अंबडची ना? अंबडला तुझी आत्या. आत्याची जाऊ त्याच घरातली. नको बघू." भोकरदनचा सभासद विचारतो, मिठाईचं दुकान आहे, मालक राजस्थानी, त्यात तर नातं नसणार ना? "त्यांची दुकानाची जागा कुणाकडून घेतलेली हाय? विचार जरा." जागा घेतलेली असायची एका पाटलाकडून, पाटलाच्या वावरात मेंढरं बसलेली असायची आणि म्हाताऱ्यानं तिथं ठेचा-भाकरी खाल्लेली असायची. "नको बघू."

एका महिन्यात जिल्ह्यातल्या व्हॅल्युएशनवाल्यांच्या फिती गुंडाळून खुंटीला लागल्या. लोकांची कर्जं अडकली, बँकांचे फोन यायला लागले. संघटनेच्या व्हॉट्सॲप गटावर कुणी मंठ्याची मोजणी टाकायचा, कुणी घनसावंगीची, आणि प्रत्येकाच्या खाली तेच लिहिलेलं, नात्याबाहेरचा माणूस पाहिजे.

नात्याबाहेरचा माणूस एकच होता, राधेश्याम. त्याचे पूर्वज बाहेरून आलेले, म्हणून तो तेवढा मोकळा. सगळं काम त्याच्या अंगावर पडलं. सकाळी जाफराबाद, दुपारी परतूर, मधे बदनापूर. गडी पार चिपाड झाला. एक दिवस राधाकिसनरावांपुढं येऊन त्यानं हात जोडले.

"अध्यक्ष, मलाबी पाहुणा करून घ्या. कोण्या गावचा बी करा."

"राधेश्याम, तू आपल्या जिल्ह्यातला शेवटचा परका माणूस हायेस," राधाकिसनराव गंभीरपणे म्हणाले. "जप स्वतःला."

इथवर त्यांना मजाच वाटत होती, खोटं कशाला बोला. पण गावागावांत एक वेगळंच सुरू झालं. आपलं काम अडू नये म्हणून लोक नातं लपवायला लागले. भोकरदनकडं एका माणसाच्या नव्या दुकानाची मोजणी होती, आणि खातरी करायला राधाकिसनराव स्वतः गेले. सवयीनं विचारलं, गाव कोणतं.

"गाव न्हाई साहेब," तो माणूस म्हणाला. "मामा न्हाई, मावशी न्हाई, सासरा न्हाई. आमचं कोणीच न्हाई. म्या एकटाच हाय."

त्याच्या मागं ओट्यावर त्याचे तीन भाऊ बसले होते, चौघांचं नाक एक. त्याच्या बहिणीच्या लग्नात राधाकिसनरावांनी पंगतीत बुंदी वाढली होती. त्यांनी त्याच्याकडं पाह्यलं, त्यानं जमिनीकडं. चहासुद्धा झाला नाही. परत येताना राधाकिसनरावांना फार वाईट वाटलं. इतकी वर्षं हा जिल्हा आपल्याला पाहुणे म्हणत होता, आणि आपणच एक ठराव करून लोकांची तोंडं बंद केली, हे त्यांना कळत होतं. पण ठराव आपला, मांडला आपण, टाळ्या आपल्याला. मागं कसा घ्यायचा?

तशात प्रांजलीचं आलं. पोरीला जर्मनीत पुढच्या शिक्षणाला प्रवेश मिळाला. शिक्षणासाठी बँकेचं कर्ज काढायचं ठरलं, बँक म्हणाली घर तारण ठेवा, आणि तारणाला अहवाल आणा. बँकेच्या यादीतले व्हॅल्युएशनवाले सगळे संघटनेतले, आणि संघटनेतले सगळे अध्यक्षांचे पाहुणे, स्वतः अध्यक्षांनीच काढलेले. प्रवेशाची तारीख तर जवळ आलेली.

"राधेश्याम हाय ना," राधाकिसनराव निवांत म्हणाले. "त्याच्यासाठीच तर त्याला जपला."

राधेश्याम आला. मोजण्याचं लाल लुकलुकणारं यंत्र भिंतीला लावून खोल्या मोजायला लागला. बैठकीच्या खोलीत खुंटीवर आजोबांचं काळं घोंगडं होतं. राधेश्याम त्याच्यापुढं थांबला.

"अस्सल दिसतंय. आमच्या दादाजीचा लोकरीचाच व्यापार होता, मालूम हाय का? मोंढ्यात टेंभुर्णीचा एक म्हातारा लोकर घेऊन यायचा म्हणे. त्याच्या संगं एका कानाचं कुत्रं. म्हाताऱ्याची लोकर दादाजी कधी तोलूनच घ्यायचे न्हाईत. म्हणायचे, घरचा माणूस हाय."

राधाकिसनरावांच्या हातातला चहाचा कप थांबला. ते एका कानाचं कुत्रं त्यांनी लहानपणी पाह्यलं होतं. जयवंताबाईंनी नवऱ्याचं तोंड पाह्यलं आणि त्या लगबगीनं पुढं आल्या.

"बोलू नका," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माझी आण हाय, गप बसा."

पण तो माणूस गप बसतो होय? "राधेश्याम," ते म्हणाले, "ती लोकर आमच्या म्हाताऱ्याची. घरचा माणूस म्हणून घेतलेली. यंत्र ठेव खाली."

राधेश्यामला इतका आनंद झाला की त्यानं तिथंच अध्यक्षांना मिठी मारली, जयवंताबाईंच्या पाया पडला, आणि आपणही आता पाहुणे झालो हे गटावर टाकून दिलं. अध्यक्षांचा पाहुणा तो सगळ्या जिल्ह्याचा पाहुणा, म्हणून परतूर, बदनापूर, जाफराबाद सगळं सुटलं. अर्धा अहवाल तिथंच टाकून तो घरी जाऊन झोपला. प्रांजली दारात उभी राहून हे बघत होती. "बाबा, जगात दुसऱ्यांचे बाप पोरीला परदेशी पाठवताना रडतात," ती म्हणाली. "माझा बाप पाहुणे मोजून राह्यला." आणि आत निघून गेली. आत जाऊन ती रडली, हे दाराला कान लावून जयवंताबाईंनी ऐकलं, आणि मग त्या रात्रीच्या भाजीत मीठ पडलं नाही.

दुसऱ्या दिवशी कल्याण आला. हातात एक कागद.

"दाजी, म्या सोपा रस्ता काढला. माझा-तुमचा रक्ताचा काही संबंध हाय का? अक्का भावकीतली, तीबी लांबची. कल्याण माझा कोणी न्हाई, एवढं लिहून सही करा. परवाच्या बैठकीत सगळ्यांसमोर तेवढं एकदा बोला. आजच्या आज घर मोजतो, जल्दी अहवाल देतो. पोरीचं काम होऊन जाईल."

राधाकिसनरावांनी पेन घेतलं. प्रांजलीच्या खोलीचं दार बंद होतं. त्या दाराकडं बघत त्यांनी कल्याणच्या नावापर्यंत लिहिलं. पेन तिथं थांबलं.

"चालून न्हाई राह्यलं," ते म्हणाले.

"माझं घ्या."

कल्याणचं पेन घेतलं. तेही चालेना. स्वयंपाकघरातून धपाट्यांचा वास येत होता, आणि तव्यावरचा उलथण्याचा आवाज बंद झाला होता. जयवंताबाई ताट घेऊन बाहेर आल्या. ताट कल्याणच्या पुढं ठेवलं नाही, हातातच धरलं.

"कल्याण, तुझी सही झाली का?"

"माझी कशाला, अक्का? दाजीची पाहिजे."

"ते तुझे कोणी न्हाईत, तर तूबी त्यांचा कोणी न्हाईस. तू कर आधी. मंग ताट ठेवते. पाहुण्याला वाढायची रीत वेगळी अन् परक्याला वाढायची वेगळी, मला कळाया नको का, दही द्यायचं का नुसतं तेल?"

कल्याणनं ताटाकडं पाह्यलं, कागदाकडं पाह्यलं. "बैठकीतच करू," असं पुटपुटला आणि न जेवता उठला. कल्याण त्या घरातून न जेवता उठला असं आधी कधी घडलं नव्हतं. जयवंताबाईंनी ताट तसंच आत नेऊन झाकून ठेवलं.

पण पोरीची तारीख काही थांबणार नव्हती. राधाकिसनरावांनी मन घट्ट केलं. एका वाक्याचं तर काम. त्यांनी न्हाणीघरात कडी लावून सराव सुरू केला. "कल्याण माझा कोणी न्हाई." अंगावर पाणी घेतलं. "कल्याण माझा कोणी न्हाई."

"काय म्हणलात?" बाहेरून जयवंताबाई.

"साबण न्हाई म्हणलं."

परवाच्या दिवशी माडी भरली. बेकार बसलेला एकूणएक सभासद आला होता. झोप काढून ताजातवाना झालेला राधेश्याम इतिवृत्त लिहायला बसला. पहिल्या रांगेत कल्याण, मान खाली. राधाकिसनराव उभे राह्यले.

"सभासदहो, माझ्या घराच्या मोजणीसाठी मला असं जाहीर करायचंय की, मंठ्याचा कल्याण..."

थांबले. पाणी प्यायले. राधेश्यामनं 'मंठ्याचा कल्याण' एवढं लिहून पेन उचलून धरलं होतं.

"मंठ्याचा कल्याण पहिल्यांदा आमच्या घरी आला तेव्हा त्याच्या पिशवीत एक शर्ट होता," राधाकिसनराव म्हणाले. "लई लाजायचा. आमची प्रांजली तेव्हा लहान, तापानं फणफणली व्हती, अन् म्या मंठ्याला मोजणीला गेल्तो. ह्यानं तिला खांद्यावर टाकून दवाखान्यात नेली. रिक्षा मिळना, तर पळत नेली. हा माझ्या बायकोचा भाऊ हाय. लांबचा म्हणतो, पण त्या दिवशी बिलकुल लांब नव्हता. हा माझा कोणी न्हाई असं मला बोलता येत न्हाई. म्या न्हाणीत लई बोलून बघितलं."

कल्याण खिशात रुमाल शोधत होता आणि त्याला सापडत नव्हता.

"चूक माझी झाली," राधाकिसनराव पुढं म्हणाले. "मला चौकात एका हवालदारानं धरलं व्हतं. पाहुणा निघाला. त्यानं पावतीबी केली अन् जेवूबी घातलं. मला तेव्हाच कळाया पाहिजे व्हतं. नातं असलं म्हणून पावती चुकत न्हाई, अन् पावती केली म्हणून नातं तुटत न्हाई. आपण अहवालात चतुःसीमा लिहितो का न्हाई? पूर्वेस रस्ता, पश्चिमेस अमक्याचं घर. तसं वरच लिहून टाकायचं, मालक माझे कोण लागतात. लपवायचं न्हाई. मंग खाली खरी किंमत लिहायची, अन् बँकेनं दोन्ही वाचायचं. एवढं मांडतो, अन् अध्यक्षपदाचा राजीनामा देतो. ज्याला स्वतःचा ठराव झेपत न्हाई त्यानं खुर्चीवर बसू नये."

नवा ठराव एका आवाजात मंजूर झाला. मग राजीनाम्याचा विषय आला. राधेश्यामनं चष्मा वर सारला.

"राजीनामा मंजूर करता येत न्हाई."

"का?"

"नवा ठराव पुढच्या महिन्यापासून लागू. आजच्या तारखेला जुनाच चालू हाय. नात्यातल्या माणसाच्या मालाचं मूल्य नात्यातल्यानं ठरवायचं न्हाई. हितं सगळे तुमचे पाहुणे. मीबी तेरवापासून हाय. तुम्ही अध्यक्ष म्हणून चांगले का वाईट, हे ठरवायला माडीवर माणूसच न्हाई."

"मंग पुढच्या महिन्यात ठरवा."

"पुढच्या महिन्यात आम्ही कामात राहू," राधेश्याम म्हणाला, आणि भजी मागवली.

पुढच्या महिन्याच्या एक तारखेलाच कल्याण मोजायला आला, तेव्हा आधी ताट वाढलं गेलं, दह्यासकट. मग त्यानं तोंड पुसलं आणि फीत काढली, आणि एकदम परक्यासारखा वागायला लागला. भिंतीला नख लावून बघितलं. जिना मोजून मान हलवली. मोरीच्या भिंतीची ओल बघून काहीतरी लिहिलं. राधाकिसनराव मागं मागं. आयुष्यभर त्यांनी लोकांच्या घराच्या भिंती अशाच खरवडल्या होत्या, पण आपल्या भिंतीला दुसऱ्याचं नख लागलं की कसं वाटतं हे आज कळत होतं. तो जिना त्यांनी स्वतः काढलेला. ती गॅलरी प्रांजलीसाठी हौसेनं पुढं ओढलेली, आणि नगरपालिकेत त्याचा कागद टाकायचा राहून गेलेला.

कल्याण गॅलरीत गेला. वर बघितलं, खाली बघितलं, आणि लिहायला लागला. राधाकिसनरावांना राहवेना. ते पुढं झाले, त्यांचा हात आपसूक उठला आणि कल्याणच्या खांद्यावर पडला.

"पाहुणे," संघटनेचे संस्थापक अध्यक्ष हळूच म्हणाले, "जरा वाढवून द्या की."

कल्याणनं वळून बघितलं. स्वयंपाकघराच्या दारात जयवंताबाई आणि प्रांजली दोघींनी तोंडाला पदर-ओढणी लावली होती.

"दाजी," तो म्हणाला, "गॅलरी मोजमापात धरता येत न्हाई. परवानगी न्हाई तिची."

अहवाल आला. किंमत राधाकिसनरावांच्या हिशोबापेक्षा कमी, पण कर्जाला पुरेशी. जिना उभा असल्याचा उल्लेख होता, ओलीचा होता, गॅलरीवर तर सबंध परिच्छेद. राधाकिसनराव त्यादिवशी कल्याणला मनातल्या मनात खूप काही बोलले. पण पहिल्या पानावर, चतुःसीमेच्याही वर, एक ओळ होती. मालक हे माझे दाजी आहेत. त्या पानाची झेरॉक्स काढून त्यांनी घोंगड्याच्या शेजारी लावली. बाकीची पानं कपाटात गेली.

बँकेचे मॅनेजर ओडिशाकडचे, नुकतेच आलेले. त्यांनी राधाकिसनरावांना बोलावून विचारलं, "ये दाजी क्या होता है?" राधाकिसनरावांनी समजावून सांगितलं. समजावताना मॅनेजरसाहेबांचं गावही विचारलं. कर्ज मंजूर झाल्यावर मॅनेजरसाहेबांच्या टेबलावर धपाट्यांचा डबा आला, पण तो मंजुरीनंतर दिला अशी पावती राधाकिसनरावांनी त्यांच्याकडून लिहून घेतली.

प्रांजली गेली. घर एकदम मोठं वाटायला लागलं, मोजमापात होतं त्याहून मोठं. पहिल्या रविवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. राधाकिसनराव काही विचारणार, तेवढ्यात जयवंताबाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात दाबला. पोरीला त्या प्रश्नाची चीड आहे, परदेशात तरी नको. म्हणून ते जेवणाचं बोलले, थंडीचं बोलले, गॅलरीच्या परवानगीचा अर्ज टाकला ते सांगितलं. मग बोलायला काही उरलं नाही.

"बाबा," प्रांजली म्हणाली, "घरमालकीण म्हातारी हाय. पहिल्या दिवशी लई कडक बोलली. हे करू नको, ते करू नको. मला रडूच आलं. मंग काय बोलावं कळंना, तर म्या तिला विचारलं."

"काय विचारलं?"

"गाव कोणतं."

राधाकिसनराव फोनच्या इतके जवळ गेले की तिकडं प्रांजलीला नुसता कान दिसायला लागला.

"डोंगराकडचं कुठलंसं खेडं हाय. तिच्या आजोबाची मेंढरं व्हती. उन्हाळ्यात ह्या रानातून त्या रानात घेऊन फिरायचा म्हणे. म्या तिला आपल्या घोंगड्याचा फोटो दाखवला. तिनं तिच्या आजोबाचा लोकरीचा कोट काढून आणला. आता रोज सकाळी माझ्यासाठी पाव ठेवते. भाडं मात्र पुरं घेते."

"घेऊ दे," राधाकिसनराव म्हणाले. "ती तिची पावती हाय."

"म्हणून तर म्या तिला सांगितलं," प्रांजली म्हणाली. "म्हणलं, मंग आपण पाहुणेच की हो."